नव्या गाडीवरचं 'पेंट प्रोटेक्शन': खाडीकाठच्या एका गाडीचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. सर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात, मॅडम पतसंस्थेत नोकरीला. दोघांची पहिली नवी गाडी. याआधी घरात भावाकडून घेतलेली जुनी हॅचबॅक होती आणि तिचे दरवाजे खालून खाऱ्या हवेने खाल्लेले सगळ्यांनी पाहिले होते. गंजाची धास्ती घरात आधीपासूनच होती ती अशी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाडी छोटी एसयूव्ही, ऑन-रोड साधारण ११ लाख, रंग गडद निळा मेटॅलिक. रंग लेकीने पसंत केला. गडद रंगावर प्रत्येक चरा दिसतो हे मी बुकिंगच्या आधी सांगितलं होतं, पण त्या बाबतीत घरात माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं.

माझा धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. लोकांच्या गाड्यांचा रंग बिघडला की माझं घर चालतं, तेव्हा पुढचं सगळं ते लक्षात ठेवूनच वाचावं.

गाडी कुठे उभी राहणार, हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि शोरूममध्ये नेमकं तेच कुणी विचारत नाही. सरांच्या घराला शेड नाही. गाडी अंगणात, हापूसच्या दोन कलमांखाली. खाडी हाकेच्या अंतरावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घरात पाण्याचे दोन स्रोत: जुनी विहीर, तिचं पाणी मऊ, आणि बोअर, तिचं पाणी खाडीमुळे मचूळ. अंगणातला पाइप बोअरला जोडलेला. शाळेला जायचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गावरून, म्हणजे जांभ्याची लाल धूळ आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडणारी खडी.

अडचण

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यायची ठरलेली. आठवडाभर आधी शोरूममधून प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ अंदाजी बिल, आलं. त्यात विमा, आरटीओ, ॲक्सेसरीज यांच्या खाली एक ओळ: 'प्रोटेक्शन पॅकेज, २४,९०० रुपये'. सरांनी ते मागितलेलं नव्हतं. विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: "सर, कोकणात सगळेच घेतात. खारी हवा आहे, नाही केलं तर वर्षात गंज धरेल." आणि पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं: १५,००० रुपयांची जी सूट आधी कबूल केली होती, ती या पॅकेजसोबतच मिळेल.

त्या पोराला दोष देऊन उपयोग नाही. नव्या गाडीच्या विक्रीत शोरूमला सुटणारा पैसा फार नसतो. तो विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि अशा पॅकेजांतून काढला जातो, आणि त्याचं टार्गेट विक्रेत्याच्या डोक्यावर असतं.

सरांनी पॅकेजची फोड मागितली. ती यायला दोन दिवस लागले:

टेफ्लॉन कोटिंग ६,५०० रुपये
'सिरॅमिक अपग्रेड' ७,९०० रुपये
अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला) ६,००० रुपये
इंटेरिअर प्रोटेक्शन ४,५०० रुपये

फोड हातात आली की पॅकेज अर्धं उघडं पडतं. टेफ्लॉनच्या वर सिरॅमिक कशाला? सिरॅमिक रंगाला चिकटण्यासाठी पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ, तेलाचा-मेणाचा अंशही नसलेला लागतो. खाली टेफ्लॉनचं पॉलिश चोपडून वर सिरॅमिक लावणं म्हणजे दोन्हींचे पैसे घेऊन एकाचंही काम न करणं. सरांनी हा प्रश्न फोनवर विचारला, तेव्हा पलीकडून "मी टेक्निकल टीमला विचारून सांगतो" असं आलं आणि मग काहीच आलं नाही.

मुळात या थरांत असतं काय

पर्याय तोलायचे तर इथे थोडं थांबावं लागेल.

कारखान्यातून येणारा रंग म्हणजे थरांचा एक संच. पत्र्यावर फॉस्फेट, मग संपूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर (गंजाविरुद्धची खरी लढाई हाच थर लढतो), त्यावर सरफेसर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर, ज्याला गॅरेजमध्ये बरेच जण अजून लॅकर म्हणतात. सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर ४० ते ५०. हे थर शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापलेल्या भट्टीत भाजलेले असतात. माझ्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर सुकवलेला रंग त्याची बरोबरी करू शकत नाही, आणि हे मी गिऱ्हाइकालाही सांगतो.

आता या संचावर जे 'सीलंट' लावतात, ते मायक्रॉनच्याही आतलं असतं. मेण असेल तर ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांचं. त्याची चमक छान, आयुष्य काही आठवड्यांचं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट थोडं कोरडं दिसतं पण तीन-चार महिने, फार तर सहा महिने टिकतं. सिरॅमिक म्हणजे सिलिकाच्या कुळातली संयुगं. ती रंगाला जास्त घट्ट धरतात आणि नीट लावली तर दोनेक वर्षं पाणी झटकत राहतात. तरी जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात, बरेचदा त्याहूनही कमी. त्याच्या जाहिरातीत '९एच कडकपणा' असं लिहितात. ही पेन्सिलची चाचणी आहे: कोणत्या क्रमांकाच्या पेन्सिलीने थरावर चरा उठतो, ते पाहायचं. चावीचा, खडीचा किंवा मांजराच्या नखाचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

टेफ्लॉनचं तर आणखी वेगळं. १९३८ साली ड्युपाँटमध्ये रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघाताने लागलेला हा पदार्थ ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. तव्यावर तो बसतो कारण तवा भट्टीत तेवढा तापवतात. गाडीचं बॉनेट तेवढं तापवलं तर रंगच राहणार नाही. त्यामुळे 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने गाडीवर जे फिरवलं जातं, ते त्याची भुकटी घातलेलं पॉलिश असतं. त्याचं काम मेण-पॉलिमरचंच, आणि आयुष्यही तेवढंच.

या सगळ्यांत चऱ्यांपासून, खडीपासून खरोखर वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म): दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. किंमतही त्याच हिशेबाने.

समोरचे पर्याय

सरांनी वहीत सहा पर्याय लिहून काढले होते. सगळ्यांची सारखी चर्चा करण्यात अर्थ नाही.

पूर्ण पीपीएफला एक लाखाच्या वर दर सांगितला. ११ लाखांच्या गाडीवर तो खर्च दोघांनाही पटला नाही. फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला फिल्म लावली असती तर ३०,००० च्या आसपास, आणि महामार्गावरच्या खडीचा विचार करता हा पर्याय मला सर्वांत तर्कशुद्ध वाटत होता. पण नोंदणी, विमा, पूजा यांच्या खर्चात तो मागे पडला.

कोल्हापूरच्या एका डिटेलिंग स्टुडिओने सिरॅमिकसाठी २२,००० आणि तीन वर्षांची वॉरंटी सांगितली. वॉरंटीचा कागद मॅडमनी शेवटपर्यंत वाचला. पतसंस्थेतली सवय. दर सहा महिन्यांनी तिथे जाऊन २,५०० रुपयांची 'मेंटेनन्स' ट्रीटमेंट करून घ्यायची, नाहीतर वॉरंटी रद्द. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि पाण्याचे डाग वॉरंटीत नाहीत. म्हणजे आंब्याखाली, खाडीकाठी, बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या गाडीला ज्या ज्या गोष्टी होणार होत्या, त्या सगळ्या वगळलेल्या.

उरले तीन. शोरूमचं पॅकेज, हजार-बाराशेची सीलंटची बाटली आणून घरीच लावणं, किंवा रंगावर काहीच न लावता नुसती गाडी नीट धुणं. अंडरबॉडीचा प्रश्न वेगळा होता आणि तो वेगळाच ठेवायला हवा होता, कारण कोकणात गंज वरून येत नाही. तो दरवाज्याच्या खालच्या शिवणीत, चाकाच्या कमानीच्या आत, जिथे पाणी आणि माती साचते तिथून सुरू होतो. बॉनेटवर काहीही चोपडलं तरी त्या शिवणीपर्यंत ते पोचत नाही. 'खारी हवा' हे कारण सांगून वरचं पॉलिश विकणं म्हणजे दुखणं एक आणि औषध दुसऱ्याचं.

सरांनी ठरवलं: फक्त अंडरबॉडी, ६,००० रुपये. टेफ्लॉन, सिरॅमिक, इंटेरिअर नको. शोरूमने सूट १५,००० वरून १०,००० केली. ते त्यांनी मान्य केलं. हे सगळं फोनवर ठरलं, कागदावर आलं नाही.

प्रत्यक्ष काय घडलं आणि काय केलं

दसऱ्याच्या दिवशी गाडी घ्यायला गेल्यावर बिलात टेफ्लॉनचे ६,५०० होतेच. "काम कालच करून ठेवलंय सर, आता काढता थोडंच येणार." मुहूर्त चाललेला, भटजी थांबलेले, मुलीच्या हातात हार. पैसे भरले. या क्षणाला सर अजून स्वतःवर चिडतात, पण अशा वेळी काय करायचं हे ऐन वेळी सुचत नाही आणि शोरूमला ते पक्कं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात गाडी पाहिली आणि बॉनेटवर, दोन्ही उजव्या दरवाज्यांवर गोल गोल धुरकट लाटा दिसल्या. मशीनचा बफ जास्त दाबला, पॅड घाण असलं किंवा घाई केली की अशा उठतात. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत. नवी, भट्टीतून आलेली गाडी. तिच्या रंगाला पहिला धक्का तिच्या 'संरक्षणा'नेच दिला होता.

सरांनी फोटो काढले, तिरप्या उन्हात, आणि शोरूमला ईमेल केला, कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत. मजकूर चार मुद्द्यांचा होता. हे काम मी मागितलं नव्हतं. कोणतं उत्पादन, कुणी, कधी लावलं याचं जॉब कार्ड द्यावं. एका वस्तूसोबत दुसरी वस्तू गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बसत नाही. ६,५०० रुपये परत करावेत, नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. शिवीगाळ नाही, उपरोध नाही.

जॉब कार्ड आलं नाही. आला तो फोन: गाडी घेऊन या, फुकटात पुन्हा कोटिंग करून देतो. या प्रकरणातला हा सगळ्यांत नाजूक निर्णय. फुकट मिळतंय म्हणून बरेच जण इथे हो म्हणतात. पण पुन्हा कोटिंग म्हणजे त्याच माणसाचा तोच बफ, पुन्हा एकदा. क्लिअर परत वाढत नाही. जो घासला गेला तो गेला. सरांनी नकार दिला आणि पैसे मागत राहिले. तीन आठवड्यांनी ६,५०० रुपये खात्यात जमा झाले. पत्र वगैरे काही नाही, नुसती एंट्री.

दिवाळीनंतर गाडी माझ्याकडे आली. मायक्रॉन मीटर फिरवला: बॉनेटवर १०८ ते ११७, दारांवर १०४ ते ११२. म्हणजे रंग कारखान्याचाच, कुठे पुन्हा मारलेला नाही, आणि धोकादायक पातळ झालेला नाही. आता दोन रस्ते होते. तीन टप्प्यांचं पूर्ण रबिंग-पॉलिशिंग करून लाटांचा मागमूस पुसून टाकायचा, त्यात तीन-चार मायक्रॉन क्लिअर जाणार. किंवा फक्त बाधित पॅनलांवर मऊ पॅडने फिनिशिंग पॉलिशचा एक हात आणि जे उरेल ते उरू द्यायचं. सरांना गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे. क्लिअरची ती पुंजी पुढे लागणार. दुसरा रस्ता घेतला. लाटा ऐंशी टक्के गेल्या. बॉनेटच्या कडेला तिरप्या उन्हात अजून दोन दिसतात, कुठे पाहायचं हे माहीत असेल तर.

मग सीलंट. आणि इथे विज्ञानाचे सर जागे झाले. म्हणाले, "सगळ्या गाडीला लावलंत तर कळणार कसं, उपयोग झाला की नाही?" बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप मारली. उजव्या अर्ध्याला सीलंट, डावा अर्धा कोरा. बाकी गाडीला सगळीकडे लावलं. पॅनल सावलीत थंड असताना, फोमच्या तुकड्यावर थोडंसं घेऊन, पातळ पसरायचं, धुरकट झालं की मायक्रोफायबरने हलकं पुसायचं आणि रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही. एवढंच काम आहे. यासाठी ना स्टुडिओ लागतो ना शोरूम.

तिसरा निर्णय गाडी पुसण्याचा. वाडीतला एक मुलगा रोज सकाळी सहा वाजता येऊन कोरड्या फडक्याने गाडी पुसून जायचा, महिना चारशे. लाल धुळीवर कोरडं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गडद गाड्यांचा रंग उन्हाने किंवा खाऱ्या हवेने नव्हे, या रोजच्या पुसण्याने गेलेला असतो. सरांनी मुलाचे चारशे चालू ठेवले, काम बदललं: आतून झाडणं, काचा पुसणं, टायर. अंगाला हात लावायचा नाही. रविवारी सर स्वतः विहिरीच्या पाण्याने धुतात, दोन बादल्या, आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली उतरवायची, मग शाम्पू.

वर्षभरात दिसलेलं

जानेवारीत मोहोर आला आणि तुडतुडे आले. आंब्याखाली गाडी लावणाऱ्याला तुडतुड्यांचा चिकटा माहीत असतो: सकाळी काचेवर, टपावर बारीक चिकट शिंतोडे, दोन दिवस राहिले की त्यांवर धूळ बसून काळे पडतात. बॉनेटच्या दोन अर्ध्यांतला फरक सर्वांत ठळक इथे दिसला. सीलंटच्या बाजूचा चिकटा पाणी ओतून, ओलं फडकं एकदा फिरवल्यावर निघाला. कोऱ्या बाजूला शाम्पूचा फेस दहा मिनिटं ठेवावा लागला आणि तरी चार-पाच ठिपक्यांना घासावं लागलं. घासलं की चरा आला. म्हणजे सीलंट चऱ्याला अडवत नाही, पण घासण्याची गरज कमी करतं, आणि त्यातून चरे कमी पडतात. जाहिरातीत हे कुणी असं सांगत नाही, कारण ते ऐकायला फार साधं वाटतं.

पक्ष्यांच्या विष्ठेचं तितकं चांगलं नाही. कुटुंब दोन दिवस कोल्हापूरला गेलेलं असताना गाडी अंगणात उन्हात होती, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना कावळ्यांनी न्याय केला. विष्ठेतलं युरिक आम्ल, वर उन्हाने तापून मऊ झालेला क्लिअर. दोन्हीकडे डाग उठले. सीलंटच्या बाजूचा फिका, कोऱ्या बाजूचा खोल, पण दोन्हीकडे उठले. तासाभरात ओल्या फडक्याने उचललं असतं तर कुठेच उठले नसते.

शेजारच्या मांजराच्या नखांनी दोन्ही बाजूंना अगदी सारखे ओरखडे काढले. पुढच्या बंपरवर महामार्गावरच्या खडीचे तीन टवके, प्रायमरपर्यंत. तिथे टच-अपचा ब्रश हाच इलाज.

एक उलटा अनुभवही नोंदवायला हवा. मार्चमध्ये एकदा विहिरीची मोटर बंद होती म्हणून बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि पाहुणे आले म्हणून पुसायची राहिली. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर विहिरीचं पाणी शंभराच्या आत, बोअरचं १,४०० च्या वर. सीलंटच्या बाजूला पाण्याचे सुटे गोल थेंब राहिले, ते जागच्या जागी वाळले आणि पांढरी वर्तुळं उठली. कोऱ्या बाजूला पाणी पसरून वाळलं, तिथे नुसती धूसर झाक. पाणी झटकणारा थर जितका चांगला, तितके हे डाग ठळक. पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघाले, पण सिरॅमिक लावून मचूळ पाण्याने गाडी धुणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बाटलीवर सहा महिने लिहिलं होतं. टपावर फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच पाण्याचे थेंब बसेनासे झाले. दारांवर, जिथे ऊन तिरपं लागतं, तिथे एप्रिलपर्यंत टिकले. मे अखेरीस, मृगाच्या आधी, सरांनी स्वतः दुसरा हात दिला. पावसाळ्यात लावण्यात अर्थ नाही, दमट हवेत ते धड वाळतच नाही.

आणि मग जुलैत मागच्या डाव्या दारातून पाणी खळखळण्याचा आवाज यायला लागला.

दाराच्या आत पाणी जाणं हे नेहमीचंच. काचेच्या पट्टीतून ते उतरतं आणि खालच्या कडेला असलेल्या छिद्रांतून बाहेर पडतं. इथे बाहेर पडत नव्हतं. दार उघडून खालची कड बोटाने चाचपली तर छिद्राच्या जागी काळा, रबरासारखा गोळा. अंडरबॉडी मारताना स्प्रेचा फवारा दाराच्या कडेवर गेला होता आणि दोन्ही छिद्रं बुजली होती. तारेने टोकरल्यावर पेलाभर तपकिरी पाणी आलं. आतल्या शिवणीवर गंजाची बारीक रेघ सुरू झालेली होती. गंजापासून वाचवायला जे ६,००० रुपये मोजले, त्याने गाडीतला पहिला गंज आणला. दारांखालच्या पट्टीची, म्हणजे सिलचीही दोन छिद्रं तशीच बंद सापडली. सगळी मोकळी केली, दार वाळवलं, आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारलं. बाकी अंडरबॉडीचा थर मात्र चांगला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

निष्पत्ती

वर्ष झालं तेव्हा रंगावर कुठेही गंज नव्हता. बॉनेटच्या कोऱ्या अर्ध्यावरही नाही. चमकेत दोन्ही अर्ध्यांत फरक आहे, पण तो मला हात फिरवून कळतो. लांबून पाहणाऱ्याला कळेल असं वाटत नाही.

पैशांचा हिशेब मॅडमनी मांडला. अंडरबॉडी ६,०००, माझ्याकडचं पॉलिश आणि पहिलं सीलंट ३,०००, बाटली, शाम्पू, फडकी मिळून २,४००. त्यात सवलतीतले गमावलेले ५,००० धरले तर १६,४००. पॅकेजचे २४,९००. वाचले साडेआठ हजार. आणि त्या बदल्यात दर रविवारचा तासभर. ज्याला तो तास द्यायचा नाही, त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईटही ठरेल. मॅडमचं मत तसंच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती बुकिंगच्या दिवशी होती. बुकिंग फॉर्मवर हाताने एक ओळ: 'गाडीवर कोणतंही कोटिंग, पॉलिश अथवा बफिंग करू नये', खाली विक्रेत्याची सही, आणि फॉर्मचा फोटो. फोनवर ठरलेल्या गोष्टी मुहूर्ताच्या दिवशी कुणाला आठवत नाहीत. दुसरं, गाडी ताब्यात घेण्याआधी दोन-तीन दिवस, दिवसाढवळ्या यार्डात जाऊन पाहणं. तेव्हा गाडीवर काही लावलेलं असतं तर नाकारायला वेळ मिळाला असता.

अंडरबॉडी करायचंच तर समोर उभं राहून, दारांची आणि सिलची छिद्रं आधी टेपने बंद करवून, आणि काम झाल्यावर ती टेप काढली की नाही ते स्वतः पाहून. हे दहा मिनिटांचं काम आहे.

बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या पट्टीला पीपीएफ न लावल्याचं मला अजून वाटतं. तीन टवके हे पहिल्या वर्षाचे आहेत आणि महामार्ग तोच आहे.

सीलंट घ्यावं का, या प्रश्नाला माझ्याकडे प्रत्येक गाडीचं वेगळं उत्तर आहे. पुण्यात बेसमेंटमध्ये उभी राहणारी पांढरी गाडी असेल तर मी सहसा नको म्हणतो. मुंबईत पर्जन्यवृक्षाखाली रस्त्यावर उभी असेल तर बाटली आणा म्हणतो. सिरॅमिक मी अशांनाच सुचवतो ज्यांची गाडी गडद आहे, डोक्यावर छप्पर आहे, धुणारा हात एकच आहे आणि गाडी चार वर्षांत विकायची नाही. विकताना समोरचा ठोकर, सर्व्हिस रेकॉर्ड आणि विम्याचे क्लेम बघतो. कोटिंगच्या वॉरंटी कार्डाचे त्याने जास्त पैसे दिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सरांनी यंदा दिवाळीनंतर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना सीलंट लावलं. गाडीसाठी पत्र्याच्या शेडचं कोटेशन आणलंय, ३८,००० चं. त्यावर घरात अजून एकमत नाही, कारण शेड बांधायची तर एका कलमाची फांदी तोडावी लागते.